पप्पा, तुमच्या जागेवर कोण?

पप्पा, तुम्ही गेले त्याला आठवडाही झाला नव्हता आणि आपल्या समोरच्या खोलीत तुमच्या नोकरीचं बोलणं सुरू झालं. तुमचं नाही हं, नोकरीचं. चटईवर नागपूरहून आलेले तुमचे चुलतभाऊ सुधाकर काका, खुर्चीवर तुमचे रेल्वेतले दोस्त मीणा अंकल, आणि मी चहाचा ट्रे धरून मधात उभी. नोकरीत असताना रेल्वेचा माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, अनुकंपाची नोकरी, हे आपल्या कॉलनीत शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.

मीणा अंकल म्हणाले, "प्रज्ञा बेटी का तो हो जाएगा. इंजीनियर है. मैं खुद दौड़ूँगा इसके लिए."

काका म्हणाले, "हव ना. क्वार्टर बी राहीन, नोकरी बी राहीन, आन् पोरगी आईजवळ राहीन. दादाची जागा दादाची पोरगीच घेईन."

झालं! चहा थंड व्हायच्या आधी सगळं ठरलं. आणि मी ट्रे धरून तशीच, कारण मला दुसऱ्या नोकरीचं बोलावणं आलेलं होतं. तीच, जिच्यावरून तुम्ही आणि मी शेवटपर्यंत भांडलो. वाळवंटातल्या सोलर प्लांटची. तुमची जागा घेऊ, की माझी शोधायला जाऊ? हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन मी घरभर फिरत होते, आणि ज्यांना विचारायची सवय, तेच नव्हते. मतलब, तुम्ही काही उत्तर दिलं असतं अशातला भाग नाही! तुमचं तर ठरलेलं. "तुझं तू ठरव, मग मले सांग."

तेच सांगायला बसले आहे. फोनवरच टाइप करून राहिले, अंगठे दुखेपर्यंत. मराठी वाचायला मी शाळेतल्या हिंदीच्या जिवावर शिकले, म्हणून काही चुकलं तर हसू नका. हसले तरी चालेल.

आधी पाहुण्याचं सांगते, कारण मी अशी कशी झाले ते लोक विचारतात तेव्हा मला हेच आठवतं.

तुम्ही गार्ड. गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. ड्रायव्हर पुढे, तुम्ही मागे, आणि मधात सगळी दुनिया झोपलेली, भांडत असलेली, पुऱ्या खात असलेली. तुमच्या हिरव्या झेंडीशिवाय गाडी हलत नाही, हे मी वर्गात सगळ्यांना फुशारकीनं सांगायची. गार्डला रविवार नसतो, रेस्टचा दिवस असतो. त्या दिवशी तुम्ही मला घेऊन जयपूर फिरायला निघायचे. कधी बडी चौपड, कधी मानसरोवर, कधी सिविल लाइंसमधला तो बंगल्यांचा रस्ता, जिथं कोणीच पायी चालत नाही. तिथं पोचलो की एकदम थांबायचे, कॉलर नीट करायचे आणि मला हात जोडायचे.

"जयभीम ताई. मी वर्ध्याहून आलो. पाहुणा आहो. मले तुमच्या घरी न्या."

बस! त्याच्यानंतर तुम्ही गावाहून पहिल्यांदा आलेले पाहुणे. पाहुण्याला रस्ता माहीत नाही. पाहुणा कोणाला काही विचारत नाही. पाहुणा फक्त मागे मागे येतो, आणि त्याला तहान पण लागते, पाय पण दुखतात, आणि तो मधातच "अजून किती लांब हो ताई?" असं विचारून डोकं खातो. मी चौथीत असेन. एवढीशी. लोकांना खालून वर पाहत विचारायची, "अंकल, स्टेशन की बस कहाँ से मिलेगी?" ते अंकल तुमच्याकडे पाहायचे, म्हणजे हा एवढा मोठा माणूस सोबत असताना ही पोरगी काहून विचारते, आणि तुम्ही आकाशात पाहायचे.

घाट गेटची ती दुपार! पप्पा, मी हे टाइप करताना हसून राहिले, आणि आई आत आहे, तिला वाटेल पोरीला काय झालं. मला बसमध्ये एक खिडकी रिकामी दिसली आणि मी चढले. बस कुठं जाते हे विचारायचंच राहून गेलं, कारण खिडकी रिकामी होती ना! तुम्ही गुपचूप मागच्या सीटवर. बस गावाबाहेर निघाली. डोंगर आले. मग बोगदा आला. अंधारात मागून आवाज.

"काहो ताई, तुमच्या घरी जाताना बोगदा लागते काय?"

मी एकदम कॉन्फिडन्समध्ये, "हो, लागतो."

"आन् हे डोंगर?"

"ते पण आहेत."

"मोठ्या लोकायचं घर दिसते बाप्पा."

आणि मग कंडक्टर ओरडला, कानोतावाले उतरो. कानोता! शहराच्या बाहेरचं गाव, धरणाचं, जिथं लोक पिकनिकला जातात. आपण पिकनिकला नव्हतो आलो. पण पाहुणा मस्त धरणाच्या भिंतीवर जाऊन बसला, कागदातली कचोरी खाल्ली, पाणी पाहिलं, पक्षी पाहिले, आणि मग हात झटकून म्हणाला, "पाहुणा खूश आहे. पण त्याले संध्याकाळी ड्युटी आहे. पोचवा आता." मी भोकाड पसरलं. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसले. पाहुणा संपला, पप्पा आले.

"काहून रडते? हरवली तं हरवली. लोकं हरवतेच. आता इथून कसं जायचं ते इथं राहणाऱ्याले विचार."

मी नाक पुसत पेरू विकणाऱ्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "अरे लाली, सड़क के उस पार खड़ी हो जा, जो आएगी वो शहर ही जाएगी." इतकं सोपं! पण आता मी शहाणी झालेली. बस आली तर मी कंडक्टरला दारातच पकडलं. कुठपर्यंत जाते? स्टेशनला जाते का? नाही तर कुठं उतरू? तिथून दुसरी कुठली? तो वैतागून म्हणाला, "मैडम, बैठो तो सही." मॅडम! मला! मी घरापर्यंत तुमच्याकडे वळून वळून पाहत होते आणि तुम्ही पाहुण्यासारखे खिडकीबाहेर.

घरी आई दारात. "पोरगी हरवली असती म्हणजे?"

"मी हरवलो होतो," तुम्ही म्हणाले. "तिनं आणलं मले."

आईनं हातातला टॉवेल तुम्हाला फेकून मारला.

असं काहून करायचे, हे तुम्ही एकदाच सांगितलं. दहावीचं सेंटर लांब आलं होतं आणि मी म्हटलं, तुम्ही चला ना सोबत, मला भीती वाटते. तेव्हा तुम्ही बूट पॉलिश करत होते. मान वर न करता सांगायला लागले. की तुम्ही पहिल्यांदा एकटे नागपूरला गेले, भरतीच्या परीक्षेला. स्टेशनच्या बाहेर उभे राहिले. सेंटर कुठं आहे हे कोणाला तरी विचारायचं होतं, फक्त एवढंच, आणि तोंडच उघडलं नाही. लहानपणी तुमचं सगळं दुसरेच बोलायचे. दुकानात मोठा भाऊ, शाळेत मामा, दवाखान्यात आई. तुम्ही सगळ्यात लहान, लाडके. पेपर सुरू झाला असेल, संपला असेल, तुम्ही स्टेशनसमोरच उभे.

"कोणी मारलं नाही मले, कोणी रागवलं नाही," तुम्ही म्हणाले. "फक्त बोलू नाही दिलं. प्रेमानं नाही दिलं. प्रेमानं झालं म्हणून समजलंच नाही, लय वर्षं."

मग ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "येतो मी सेंटरपर्यंत. मागून."

थँक्यू पप्पा. हे मी तुम्हाला कधीच म्हटलं नाही. आपल्या घरात थँक्यू म्हटलं की तुम्ही म्हणायचे, "मी काय हॉटेलवाला आहो?" आता म्हणते. आता तुम्ही थांबवू शकत नाही.

थँक्यू नववीसाठी. मला पुढे काय घ्यायचं यावरून मॅडमनी पालकांना बोलावलं होतं. तुम्ही ड्युटीवरून थेट आले, पांढरा युनिफॉर्म, डोळे लाल. मॅडम म्हणाल्या, "आप ही समझाइए इसे, किसी की सुनती नहीं है." तुम्ही इतक्या अदबीनं विचारलं, "मैडम, ये जो बोल रही है, वो आपने सुन लिया क्या?" मला जमिनीत जावंसं वाटलं आणि त्याच वेळी टेबलावर चढून नाचावंसं पण वाटलं.

आणि कॉलनीतल्या आंटी म्हणायच्या, गार्ड साहब की लड़की बहुत तेज है, तेव्हा तुम्ही काय म्हणायचे? "तेजच बरी. लेट गाडीले कोण विचारते?"

मग सोलर प्लांटचं बोलावणं आलं आणि तुम्हीच बदलले.

मला अजून खरं वाटत नाही. मी उड्या मारत आले, पप्पा, झालं सिलेक्शन, साइट इंजिनीअर, जोधपूरच्या पण पुढे, जिथं रस्ता संपून वाळू सुरू होते! आणि तुम्ही म्हणाले, "नाही."

हा शब्द तुमच्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा आला. मला वाटलं गंमत करून राहिले. मी पाहुण्याची वाट पाहिली. तो आलाच नाही.

"काहून नाही?"

"तिथं आपलं कोण आहे?"

"कानोत्याला कोण होतं?"

"मी होतो ना!" तुम्ही इतके जोरात ओरडले की आईनं गॅस बंद केला. "मागच्या सीटवर मी होतो ना, पोट्टे! तुले काय वाटलं, मी एकटं सोडलं तुले? एक दिवस नाही सोडलं!"

मला तेव्हा राग आला. खूप राग आला. मी म्हटलं, मग ती सगळी खोटीच होती का, ती एवढी हिंमत? तुम्ही म्हणाले, खोटी नव्हती. मी म्हटलं, मग आता सोडा. तुम्ही म्हणाले, जमत नाही. बस, एवढंच. "जमत नाही मले." आणि तुम्ही कपडे वाळत घालायला गच्चीवर निघून गेले, ओले कपडे नव्हतेच तरी.

त्याच्यानंतर आपण बोलायचो, पण त्या गोष्टीबद्दल नाही. डाळीत मीठ, पंख्याचा आवाज, तुमच्या गाडीचं लेट होणं. आणि मग त्या दिवशी तुम्ही ड्युटीला निघताना माझ्या दारात थांबले. मी लॅपटॉपवर होते. तुम्ही म्हणाले, "तिकडं पाणी कसं असते? गोड, का खारं?"

मी म्हटलं, "असतं पाणी." वर पण नाही पाहिलं.

मग बॅगेची चाकं वाजली.

दुसऱ्या टोकाला गाडी पोचवून तुम्ही रनिंग रूममध्ये झोपले, जिथं ड्रायव्हर-गार्ड लोक परतीच्या गाडीपर्यंत आराम करतात, आणि उठलेच नाही. मीणा अंकलचा फोन सकाळी आला. गाडी तुम्ही वेळेवर नेली होती, ते हे दोनदा म्हणाले. मला वाटलं, हे काय सांगून राहिले. आता कळतं. ते सगळ्यात चांगलं जे सांगू शकत होते ते सांगत होते.

अग्नी मी दिला. काका आधी माझ्या चुलतभावाकडे पाहत होते. आई फक्त म्हणाली, "प्रज्ञा." मग काका बाजूला सरकले.

आणि तो पाण्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पप्पा, तो 'हो' होता का? म्हणजे तुम्ही मनात मला पाठवून मोकळे झाले होते आणि आता फक्त पाण्याची काळजी? की तो पण 'नाही'च होता, नवं कारण शोधणारा? मी दोन्ही बाजूंनी इतकं भांडले तुमच्याशी, मनातल्या मनात, तुमचे डायलॉग पण मीच म्हटले. शेवटी एक दिवस वैतागून साइटवर फोन लावला. तिकडच्या माणसाला वाटलं मी पगाराचं विचारेन. मी म्हटलं, "सर, पीने का पानी मीठा है या खारा?" तो म्हणाला, "टैंकर का है मैडम, मीठा है." घ्या! गोड आहे. उत्तर मिळालं, पण तुम्ही काय म्हणणार होते ते नाहीच मिळालं. ते आता मिळणार नाही. ह्याच्यासोबतच राहायचं आहे मला, हे मी हळूहळू शिकून राहिले.

तर, तुमच्या पुण्यानुमोदनाचा दिवस. भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, कॉलनीतले सगळे आले, तुमच्यासोबतचे गार्ड लोक मागे भिंतीला टेकून उभे, जागा असून बसले नाही. सगळ्यांची जेवणं झाली. भंतेजी गेले. मग घरचे उरले आणि काका म्हणाले, "आता ते नोकरीचं पक्कं करून टाकू. मले उद्या गाडी आहे."

मी ठरवलं होतं, पप्पा. मी तुमच्यासारखीच, माझं मीच ठरवलं होतं. की नाही जायचं. आईला एकटं टाकून वाळवंटात जाऊन मी काय मोठं करणार? मी तुमची जागा घेणार, ह्याच क्वार्टरमध्ये राहणार, आणि कोणाला कळू देणार नाही की मला किती... जाऊ द्या. मी घसा खाकरला. अगदी भाषणासारखी उभी राहिले. म्हटलं, "मी घेते. पप्पांच्या जागेवर मी लागते."

काकांनी डोळे पुसले. मीणा अंकल म्हणाले, "शाबाश बेटा." मला पण स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की रडूच आलं.

तेवढ्यात आई आतून आली. पदराला हात पुसत.

"मले कोणी विचारलं?"

काका म्हणाले, "काय विचारायचं वहिनी, हे तुमच्यासाठीच तं चाललं."

"हव, माझ्यासाठीच चाललं. मलेच नाही विचारलं."

मीणा अंकल उठून उभे राहिले. "भाभीजी, बताइए ना. आपकी क्या इच्छा है?"

"पहला हक किसका होता है?" आईनं विचारलं. तिची हिंदी तुम्हाला माहीत आहे, सरळ रेषेत चालते.

"हक तो... पहला तो पत्नी का ही होता है, भाभीजी."

"तो मेरा नाम लिखो."

पप्पा, उभे राहिलेले मीणा अंकल परत खुर्चीवर बसले.

काका सगळ्यात आधी सावरले. "वहिनी, तुम्ही ऑफिसात काय करसान?"

"जे देतीन ते करीन. फाइली नेऊन देईन, पाणी भरीन, शिकवलं तं कॉम्प्युटर करीन. बारावी पास आहो मी. आठवते कोणाले?"

कोणालाच आठवत नव्हतं. मला पण नाही! मी म्हटलं, "पण आई, तू एकटी कशी..."

"काय एकटी कशी? तुझे पप्पा गाडी घेऊन जायचे तं इथं कोण राहायचं? भूत?"

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. काकाच होते बहुतेक. आई थांबली नाही.

"आन् तू काय उभी राहून भाषण देते? तुले कोणी सांगितलं माझ्यासाठी राह्य म्हणून? मी काय सामान आहो, कोणाजवळ ठेवायचं ते तुम्ही सगळे बसून ठरवून राहिले? तू जाणार होती ना वाळूत? जा."

पप्पा, मी, जी कानोत्यापासून जगाला विचारत आली, बस कुठं जाते, फॉर्म कुठं मिळतो, सर हे असंच काहून, मी आपल्याच स्वयंपाकघरात जाऊन एक प्रश्न नाही विचारला. आणि तुमची शपथ, तुम्ही पण नाही विचारला कधी. आपण दोघं इतके बिझी होतो ना, मला शूर बनवण्यात.

आता मी आठवून राहिले तर सगळं वेगळंच दिसतं. तुम्ही गाडीवर असताना माझा ताप, टाकीतलं पाणी संपणं, सिलेंडर, पावसात गळणारी ती खिडकी, शेजारच्यांशी भांडण, समेट, सगळं कोण करत होतं? जयपूरला नवीन आलो तेव्हा आईला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. ती ठेलेवाल्या भैयाशी भावावरून घासाघीस करत शिकली. कोणी तिला हात जोडून ताई म्हटलं नाही. माझ्या मागच्या सीटवर तुम्ही होते, पप्पा. तिच्या मागच्या सीटवर कोणीच नव्हतं.

तक्रार नाही करून राहिले. खरंच नाही. तुम्ही मला जे दिलं ते तुमच्याजवळ नव्हतंच, तुम्ही ते कुठून तरी उभं केलं, एका परीक्षेच्या शरमेतून, आणि माझ्या हातात दिलं. ह्याच्यापेक्षा मोठं काय असतं? पण मला इतके दिवस वाटायचं की मी तुमच्यावर गेले. आता वाटतं, तुम्ही शिकवत होते तेव्हा मी आतल्या खोलीकडे पण पाहत असेन. नकळत. नाहीतर एवढा आवाज माझ्यात आला कुठून? तुमचा तर नाही तो. तुम्ही तर गच्चीवर निघून जाणारे!

अर्ज द्यायला आईला मी स्कूटीवर नेलं. ऑफिसच्या गेटवर मी हेल्मेट काढायला लागले तर म्हणाली, "तू कुठं चालली? बस इथं." मी बसले. झाडाखाली, स्कूटीवर, नखं खात. आत किती टेबलं असतील, कोण काय विचारेल, हिला कळेल का, हिला कोणी बोललं तर? पप्पा, तेव्हा मला तुमचं 'जमत नाही' समजलं. पूर्ण समजलं. म्हणजे तुम्ही चूकच होते, त्या मुद्द्यावर मी अजून हटणार नाही, पण बाहेर बसून राहणं किती कठीण असतं ते समजलं. दर वेळी कसे बसले असाल तुम्ही, आकाशात पाहत?

आई बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. मागे बसली. सिग्नलला सांगितलं, आत एका साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, आपके साथ कौन आया है?

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, कोई नहीं जी. मैं ही आई हूँ." मग थोड्या वेळानं माझ्या कानाजवळ, "घाबरली होती थोडी."

"मी पण."

"तुले काय झालं घाबराले? तू तं बाहेर होती."

मग म्हणाली, मानसरोवरला चल. कशाला विचारलं तर म्हणे, चल तं. तिथल्या बाजारात एका चपलांच्या दुकानासमोर थांबवलं. आयुष्यभर स्लीपर आणि लग्नकार्याची ती एक सोनेरी चप्पल, एवढंच घालणारी माझी आई आत गेली आणि बंद बूट मागितले. दुकानदार भैया म्हणाला, "बहनजी, कहीं आने-जाने के लिए दिखाऊँ, या रोज़ के लिए?"

"रोज़ के लिए," आई म्हणाली. "ड्यूटी पे पहनने हैं."

मी हळूच म्हटलं, "आई, अजून नुसता अर्ज दिला आहे. महिने लागतात त्याला."

"तं लागू दे. नवा बूट चावते. ऑर्डर येईपर्यंत घरात घालून नरम करून ठेवते."

तुम्हाला सांगायचं होतं ते हेच, पप्पा. माझी सोमवारची गाडी आहे. आई आत्ता आतमध्ये पोळ्या करून राहिली, साडीवर काळे बूट घालून, आणि ओट्यापासून फ्रिजपर्यंत टक टक आवाज येऊन राहिला. मधातच थांबते, पाय दाबून पाहते, पुन्हा चालते. आता विचारून राहिली, "प्रज्ञा, तुझी बॅग झाली का?"

नाही झाली. उठते.